तळघरातल्या पस्तीस बाटल्या

आपल्याकडे वाड्याला तळघर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: भुयार कुठं निघतं? नदीकाठचा वाडा असला तर नदीत, गावाला टेकडी असली तर टेकडीवरच्या देवळात, आणि आसपास किल्ला असला तर विचारायलाच नको. माझी उमेदीची वर्षं उत्खननाच्या तंबूंत गेली, ड्राफ्ट्समन म्हणून. ट्रेंचच्या भिंतीला सूत लावायचं, ओळंबा सोडायचा आणि ग्राफच्या कागदावर एकेक लेयर उतरवून घ्यायचा, एवढंच माझं काम. ज्या ज्या गावात तंबू पडला, तिथल्या एका तरी आजोबांनी मला भुयाराचं तोंड दाखवायचं कबूल केलं. त्यांच्याबरोबर गेलं की कळायचं, तोंड त्यांच्या वडिलांच्या लहानपणीच बुजवलंय. मोहरांचा हंडा अर्थातच त्या बुजवलेल्या तोंडाच्या पलीकडे.

खरोखर वाड्याच्या पोटात खणलं, तर निघते राख. बांगड्यांचे तुकडे, हाडं, खापरं, एखादी फुटकी जात्याची तळी. तळघर ही साठवणीची जागा, आणि साठवलेलं माणसं खाऊन टाकतात, विकतात, नाहीतर घर सोडताना बरोबर नेतात. आम्हाला मिळतात त्या साठवणीच्या जागा. इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 असे कितीतरी हंगाम खोदाई केली. तिथं ताम्रपाषाण युगातल्या घरांमधले चुन्यानं लिंपलेले गोल खड्डे मी कागदावर उतरवले आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीचं पेवच ते. आत काय मिळालं, तर माती, आणि नशीब जोरावर असलं तर जळून कोळसा झालेले जवाचे चार दाणे. दाणा जळाला म्हणून टिकला. चांगला असता तर कुणीतरी दळून खाल्ला असता.

त्यामुळे 2024 च्या एप्रिलमध्ये मुलीनं फोनवर एक बातमी पाठवली, तेव्हा मी ती आधी खोटीच धरली. ती व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाला राहते. तिथून जवळच पोटोमॅक नदीच्या काठावर माउंट व्हर्नन आहे, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. त्या घराच्या तळघरात अठराव्या शतकातल्या दोन बाटल्या अखंड मिळाल्या होत्या, उभ्याच्या उभ्या. बाटल्यांत द्रव होता, आणि त्या द्रवात चेरी. देठ आणि बिया होत्याच, वर चेरीच्या फुलोऱ्याचा वासही यायचा, असं खोदणाऱ्यांनी सांगितलं होतं. वासावर माझा विश्वास बसेना. जूनमध्ये पुढची बातमी आली: पाच खड्डे, 35 बाटल्या, त्यांतल्या 29 अखंड. 12 बाटल्यांत चेरी, 16 बाटल्यांत दुसरं बोराएवढं फळ, बहुधा गूसबेरी किंवा करंट. भरलेलं पेव मिळालं म्हणायचं, आणि तेही जळाल्यावाचून.

मुलीकडे गेलो तेव्हा घर बघितलं. पहिली गोष्ट म्हणजे ते घर आपण समजतो तसं दगडी नाही. भिंती लाकडाच्या आहेत. पाइनच्या फळ्यांच्या कडा उतरत्या तासून त्यांना घडीव चिऱ्यांचा आकार दिलाय, आणि ओल्या रंगावर वाळू फेकून दगडाचा खडबडीतपणा आणलाय. लांबून चांगला पाषाण वाटतो. हात लावला की लाकूड. आमच्या गटातल्या एका मुलानं टकटक करून बघितलं आणि मार्गदर्शक बाईंचा ओरडा खाल्ला.

दुसरी गोष्ट, हे घर एकदम बांधलेलं नाही. 1734 मध्ये वॉशिंग्टनच्या वडिलांनी, ऑगस्टीननं, दीड मजल्याचं बेताचं घर उभं केलं. मग ते सावत्रभाऊ लॉरेन्सकडे आलं. लॉरेन्स 1741 च्या कार्ताहेनाच्या मोहिमेत अ‍ॅडमिरल व्हर्ननच्या हाताखाली लढला होता, त्या व्हर्ननचं नाव त्यानं घराला दिलं. एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचं नाव. इंग्रजांशी आठ वर्षं लढलेल्या सेनापतीला ते बदलावंसं वाटलं नाही, याची मला गंमत वाटते. तळघरात लॉरेन्सची आद्याक्षरं कोरलेला दगड होता. मूळ दगड आता संग्रहालयात आहे. 1752 मध्ये लॉरेन्स वारला. 1754 च्या अखेरीस जॉर्जनं वहिनीकडून घर भाडेपट्ट्यानं घेतलं, आणि तिच्या मृत्यूनंतर 1761 मध्ये ते त्याच्या मालकीचं झालं. पण त्याआधीच, 1758 मध्ये, लग्न ठरायच्या सुमाराला त्यानं छत उचलून वर मजला चढवला. 1774 पासून दोन्ही टोकांना घर लांबवलं, नदीच्या अंगाला तो प्रसिद्ध उंच खांबांचा ओसरा काढला, वर घुमटी बसवली. तळघर मात्र मधलं, जुनं. वरचं घर फुगत गेलं, तरी खालची मूळची जागा तिथंच राहिली. एखाद्या घराचं खरं वय बघायचं तर खाली उतरावं, हे आम्ही शिकलो होतो ते तिथंही लागू पडलं.

ही खोदाई काही शोधायला म्हणून झाली नव्हती. 1858 पासून हे घर एका महिला मंडळाच्या मालकीचं आहे. साउथ कॅरोलिनातल्या अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी 1853 मध्ये मंडळ काढलं, वर्गणी गोळा केली आणि वॉशिंग्टनच्या वारसाकडून दोन लाख डॉलरला घर आणि भोवतालची जमीन विकत घेतली. सरकारनं नको म्हटलेली वास्तू बायकांनी वाचवली. आजही मंडळ सरकारी पैसा घेत नाही. आपल्याकडे वाडा पडायला आला की भाऊबंदकी, भाडेकरू आणि महापालिका यांच्यात तो वीस वर्षं पडत राहतो, त्या मानानं हे मला फारच नवलाचं वाटलं. 2023 मध्ये या मंडळानं चार कोटी डॉलर खर्चाची मोठी दुरुस्ती काढली: लाकडी सांगाड्याची डागडुजी, पाण्याचा निचरा, हवा कोरडी ठेवण्याची यंत्रणा. यंत्रणा जाणार तळघरातून. आणि जिथं कुदळ लागणार, तिथं आधी पुरातत्त्वज्ञांची खुरपी लागली पाहिजे, हा तिथला नियम. मुख्य पुरातत्त्वज्ञ जेसन बरोज आणि त्यांची मंडळी त्यासाठी खाली उतरली. नळ टाकायच्या कामातून इतिहास निघणं ही उत्खननातली नेहमीची गोष्ट आहे. पुण्यातही रस्ता खणल्याशिवाय जुना नळ आणि हौद कुणाला आठवत नाही.

आता थोडं माझ्या कामाचं. बाटल्या कधीच्या, हे कसं ठरवलं? वरून खाली यायचं. तळघरात विटांची जमीन होती, ती 1770 च्या दशकात घातलेली. बाटल्यांचे खड्डे त्या विटांच्या खाली. विटा फोडून खड्डा काढला असता, तर विटांची ओळ तुटलेली दिसली असती. तेव्हा बाटल्या विटांच्या आधीच्या. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा बाटलीच्या आकारावरून येते. अठराव्या शतकात काचेच्या बाटलीचा घाट दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत गेला, आधी बुटकी आणि ढेरपोटी, मग हळूहळू उंच आणि सरळ खांद्यांची. या बाटल्या 1740 ते 1750 च्या दशकांतल्या घाटाच्या, युरोपात फुंकलेल्या. बातम्यांत काही ठिकाणी एवढ्यावरून चेरीही तेवढ्याच जुन्या धरल्या. इथं जपून पाऊल टाकावं. भांडं म्हातारं असू शकतं आणि आतला माल ताजा. काच परदेशातून जहाजानं यायची, त्या काळी तिकडे बाटली कुणी फेकत नसे. वीस वर्षं घरात फिरलेली बाटली 1770 मध्ये चेरीनं भरली गेली, असं सहज शक्य आहे. खोदणाऱ्यांनीही स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीचा काळ एवढंच धरलंय, आणि तेवढंच धरावं. वस्तूपेक्षा ती कुठल्या लेयरमध्ये पडली याला जास्त मान द्यायचा, हे आमच्या गुरुजींनी आम्हाला घोकून घेतलं होतं.

मला सगळ्यात आवडली ती एक बारीक नोंद. चेरींचे देठ कात्रीनं कापलेले आहेत. ओढून तोडलेलं देठ कसंही तुटतं, कधी फळाची साल घेऊन येतं. मग तिथून रस गळतो आणि फळ नासायला लागतं. कापलेलं देठ एका पातळीत असतं. म्हणजे झाडाखाली उभं राहून कुणीतरी एकेक फळ देठासह कापून टोपलीत ठेवलंय. घाईचं काम नव्हे. फळं आंबट जातीची असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. आंबट फळ जास्त टिकतं.

तिथल्या स्वयंपाकाच्या जुन्या पुस्तकांत बाटलीत फळ भरायची रीत सापडते. हॅना ग्लास या इंग्रज बाईचं पाककृतींचं पुस्तक 1747 मध्ये लंडनला निघालं, आणि त्याची प्रत वॉशिंग्टनच्या घरात होती. वॉशिंग्टनची बायको मार्था हिच्याकडे याखेरीज एक हस्तलिखित वही होती, तिच्या पहिल्या सासरच्या कस्टिस घराण्यातून आलेली. त्यातल्या कृती तिच्याही आधीच्या शतकातल्या. ती वही तिनं 1799 मध्ये नातीला, नेलीला, दिली. आज ती फिलाडेल्फियाच्या इतिहास संस्थेत आहे आणि कॅरन हेस यांनी 1981 मध्ये ती टिपांसह छापली. त्यात चेरी मुरवायच्या, वाळवायच्या, आटवायच्या कृती आहेत. बाटलीची रीत त्या काळी साधारण अशी: कोरड्या दिवशी फळ उतरवायचं, बाटली आतून पूर्ण कोरडी हवी, फळ भरून बूच दाबून बसवायचं, त्यावर राळेचा लेप, आणि बाटली थंड अंधाऱ्या जागी ठेवायची, कित्येकदा जमिनीतच. काही कृतींत भरलेली बाटली आधी मंद आचेवर तापवायची.

हे का चालतं, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तापवून हवाबंद केलेलं अन्न टिकतं, हे फ्रान्सच्या निकोला आपेरनं पद्धतशीर दाखवलं, सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळवलं आणि 1810 मध्ये पुस्तक काढलं. त्यालाही कारण सांगता आलं नव्हतं. ते पाश्चरनं पुढे सांगितलं. माउंट व्हर्ननच्या बाटल्या आपेरच्या पुस्तकाच्या निदान पस्तीस वर्षं आधीच्या. या बाटल्या अडीचशे वर्षं टिकल्या त्याचं श्रेय मात्र बुचाला देता येत नाही. बुचं कुजली होती, आणि आतला द्रव बराचसा झिरपून आलेलं पाणी असावा. टिकवलं ते ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीनं आणि वरच्या विटांनी. त्यातही बाटल्या उभ्या होत्या. आडव्या असत्या तर बूच गेल्यावर सगळं मातीत मिसळलं असतं, आणि तिथल्या ड्राफ्ट्समनच्या कागदावर फक्त एक काळा डाग उतरला असता.

पेवाशी याचं फार जवळचं नातं आहे. आपल्याकडे ज्वारीच्या पेवाला तळाशी आणि भोवती कडबा-पेंढा लावायचा, तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. आत हवा खेळली नाही की कीड मरते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, माणूस गुदमरतो, हे गावातलं पोरगंही सांगेल. कीड का मरते आणि माणूस का गुदमरतो याचं कारण एकच आहे. तिकडच्या खड्ड्यांत बाटलीनं आणि मातीनं मिळून तेच केलं.

आणि आता चेरी म्हटल्यावर कुऱ्हाड आलीच. वॉशिंग्टनची गोष्ट आमच्या शाळेत गुरुजींनी सांगितली होती, तुमच्याही सांगितली असेल: लहानग्या जॉर्जनं वडिलांचं आवडतं चेरीचं झाड नव्या कुऱ्हाडीनं तोडलं, आणि विचारल्यावर खरं सांगून टाकलं. आम्हाला चेरी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. बेकरीतल्या केकवर बसवलेला लाल गोळा म्हणजेच चेरी, असा बरीच वर्षं समज होता. ही गोष्ट मेसन लॉक वीम्स या पाद्र्यानं रचली. त्यानं वॉशिंग्टनचं चरित्र 1800 मध्ये, म्हणजे वॉशिंग्टन वारल्यावर लगेच, काढलं. झाडाची गोष्ट 1806 च्या पाचव्या आवृत्तीत आली. वीम्सच्या मूळ मजकुरात पोरानं झाडाची साल खरवडलीय, झाड आडवं केलेलं नाही. झाड पडलं ते नंतरच्या गुरुजींच्या हातून.

गोष्ट घडायची तर ती फेरी फार्मवर घडायला हवी. फ्रेडरिक्सबर्गजवळच्या त्या घरात जॉर्ज 1738 मध्ये, सहा वर्षांचा असताना, राहायला गेला होता. ते घर पुढे जमिनीवरून नाहीसं झालं, आणि पुरातत्त्वज्ञांनी कित्येक वर्षं खणून 2008 मध्ये त्याचा पाया सापडल्याचं जाहीर केलं. तिथंही काय मिळालं? तळघरं. दगडांनी बांधलेली दोन, आणि कंदमुळं साठवायचे खड्डे. कुऱ्हाड नाही आणि चेरीचं खोडही नाही, हे सांगायला कुणी विसरलं नाही. बाटल्यांच्या बातमीत तर जवळजवळ प्रत्येक वर्तमानपत्रानं कुऱ्हाडीचा विनोद केला. आता मीही केला. चेरीची झाडं मात्र वॉशिंग्टनकडे होती. त्याच्या रोजनिशीत 1760 च्या दशकात चेरीची कलमं बांधल्याच्या नोंदी आहेत.

नोंदींवरून मूळ मुद्द्याकडे येतो. हा गृहस्थ नोंदी ठेवण्यात भलता पक्का. कुठल्या शेतात कोण किती दिवस राबलं, कोण आजारी पडलं, किती मासे धरले, लंडनच्या रॉबर्ट केरीच्या पेढीकडे कुठलं कापड आणि कुठली काच मागवली, सगळं कागदावर. एका पौंडात गवताचं बी किती दाणे भरतं, हेही त्यानं मोजून काढलं होतं. आणि त्याच्याच पायाखाली पस्तीस बाटल्या राहून गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी असा शोध उत्तर अमेरिकेत पूर्वी लागलाच नाही, असं सांगितलं. असेल. मला त्यापेक्षा हा विसर मोठा वाटतो.

विसरलं कोण? 1774 च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला वसाहतींच्या काँग्रेसच्या बैठकीला गेला, 1775 च्या जूनमध्ये सेनापती झाला, आणि 1783 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कायमचा घरी परतला. मधल्या आठ वर्षांत 1781 मध्ये यॉर्कटाउनला जाता-येता तेवढ्या धावत्या भेटी झाल्या. हिवाळ्यात मार्था छावणीवर त्याच्याकडे जायची. घर लांबचा चुलतभाऊ लंड वॉशिंग्टनच्या हाती होतं, आणि तो सुतार-गवंड्यांच्या मागे होता. कारण त्याच काळात घर लांबवण्याचं काम चालू. कोठाराच्या किल्ल्या ठेवणारी मालकीण वर्षातले कित्येक महिने घरी नाही, खाली विटा घालायला गवंडी आलेला, त्याला मातीत काय पुरलंय ते ठाऊक असायचं कारण नाही. त्यानं जमीन चोपली आणि विटा बसवल्या. हा माझा तर्क आहे. मला तो पटतो, कारण गवंड्याच्या एका दिवसाच्या कामानं मागच्या दहा वर्षांची घरातली जुळणी बुजलेली मी अनेक सेक्शनमध्ये पाहिलीय.

पण मालकीण विसरली म्हणून काम करणारीही विसरली असेल, असं मला वाटत नाही. खड्डा कुणी खणला? बाटल्या कुणी मांडल्या? मार्थानं नव्हे, जॉर्जनं तर नव्हेच. 1759 मध्ये मार्था या घरात आली, ती विधवा होती. पहिला नवरा डॅनियल कस्टिस मृत्युपत्र न करता 1757 मध्ये वारला होता. त्याच्या गुलामांपैकी एक तृतीयांश तिला तहहयात मिळाले. मालकी तिची नाही, फक्त उपभोग. ती वारली की परत कस्टिसच्या वारसांकडे. या वाट्यातली माणसं तिच्याबरोबर माउंट व्हर्ननला आली, आणि त्यांत डॉल होती. वय 38. तीच तिथली मुख्य स्वयंपाकीण झाली. बाटल्या तिच्या स्वयंपाकघरातून गेल्या असण्याचा संभव दांडगा आहे, आणि खोदणारेही तिचंच नाव घेतात. झाडावरची फळं तिनंच कापली असं कुणी म्हणत नाही. तेही काम गुलामांपैकीच कुणीतरी केलं. वॉशिंग्टनच्या चेरी म्हणून जगभर छापलं गेलं. खाणाऱ्याच्या नावानं पदार्थ ओळखायचा झाला, तर या चेरी त्याच्या म्हणताच येत नाहीत, त्यानं त्या खाल्ल्या नाहीत. करणाऱ्याच्या नावानं ओळखायच्या, तर डॉलचं नाव आधी यायला हवं होतं.

माउंट व्हर्ननला आणखी एक तळघर आहे, आणि त्याची खोदाई मला या बाटल्यांपेक्षा मोलाची वाटते. घराच्या उत्तरेला गुलामांची दुमजली वस्ती होती, 1760 च्या सुमाराला बांधलेली, 1790 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडलेली. 1980 च्या दशकात तिच्या जागी खणताना विटांनी बांधलेलं एक लहानसं तळघर निघालं, जेमतेम सहा फूट लांब-रुंद. त्यात तीसेक वर्षांचा केरकचरा भरलेला. वस्तीतल्या माणसांना मालकाकडून मक्याचं पीठ आणि खारे मासे असा शिधा मिळायचा, हे वॉशिंग्टनच्या वह्या सांगतात. हे तळघर पुढचं सांगतं. हरणाची, खारीची, रॅकूनची, कासवाची हाडं, नदीतल्या माशांचे काटे, आणि शिशाचे छर्रे, बंदुकीच्या चकमकी. म्हणजे रात्री काम संपल्यावर ही माणसं गळ टाकायची, सापळे लावायची, बंदूक चालवायची. मोठ्या घरातून जुनी झालेली पांढरी चिनी माती वस्तीत आलेली. वही शिध्यावर थांबते. ताटात काय होतं ते कचऱ्यानं सांगितलं.

इथं मला जोतीराव फुले आठवल्यावाचून राहिले नाहीत, आणि संबंध ओढून आणलेला नाही. तरुणपणी, 1847 च्या सुमाराला, त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रं वाचली आणि त्यांनी ते भारावले, असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं तेव्हा मात्र जोतीरावांनी ते वॉशिंग्टनला अर्पण केलं नाही. अर्पण केलं ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना मोकळं करायला झीज सोसली, त्या लोकांना. सव्वीस वर्षांत त्यांचा अमेरिकेचा अभ्यास कुठून कुठं आला, ते त्या एका पानावर दिसतं.

बाटल्यांतलं फळ आता प्रयोगशाळांत आहे. काच आधी हळूहळू सुकवावी लागते, नाहीतर तडकते. तिची निगा वेगळी चाललीय. चेरीच्या पन्नासहून जास्त बिया चांगल्या स्थितीत निघाल्या. अमेरिकेच्या कृषी खात्याबरोबर त्यांची डीएनए तपासणी आणि त्या रुजवता येतील का याची पाहणी ठरली. माझं मत विचाराल तर रुजल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. जात कळली, कुठल्या कलमाची होती ते कळलं, तरी पुष्कळ. मुलीच्या घरी जेवताना मात्र सगळ्यांना झाड उगवावंसंच वाटत होतं, आणि नातवानं तर त्याला कुऱ्हाड लावायचं आधीच ठरवून टाकलं होतं.

डॉल म्हातारी झाल्यावर स्वयंपाकघर पुढच्या पिढीकडे गेलं. तिची मुलगी लूसी तिथं स्वयंपाकीण होती. म्हाताऱ्या डॉलकडे गुलाबपाणी आणि पुदिन्याचा अर्क काढायचं काम राहिलं. ऊर्ध्वपातनाचं भांडं सांभाळणं नाजूक काम असतं, येरागबाळ्याला देत नाहीत. 1799 मध्ये वॉशिंग्टननं मृत्युपत्रासाठी सगळ्या गुलामांची यादी स्वतः केली, नेहमीच्या काटेकोरपणानं: एकूण 317 माणसं. 123 त्याच्या मालकीची, 153 कस्टिसच्या वाट्याची, उरलेली भाड्यानं आणलेली. स्वतःच्या 123 जणांना आपल्या आणि पत्नीच्या पश्चात मोकळं करावं, असं त्यानं लिहिलं. मार्थानं वाट न पाहता त्यांना 1801 च्या एक जानेवारीला सोडलं. डॉल आणि तिची मुलं त्या 123 मध्ये नव्हती. ती कस्टिसच्या वाट्याची, कायद्यानं त्यांना सोडायचा हक्क जॉर्जलाही नव्हता आणि मार्थालाही. 1802 च्या मे महिन्यात मार्था वारली, आणि कस्टिसच्या वाट्याची सगळी माणसं तिच्या चार नातवंडांत वाटून देण्यात आली. नवरा वॉशिंग्टनच्या मालकीचा आणि बायको-मुलं कस्टिसची, अशी कुटुंबं त्या यादीत बरीच होती. त्यांतले नवरे आधीच मोकळे झाले होते.